संरक्षित आत्या

मास्तरांची आत्या रोज सकाळी चहा झाला की जुन्या दरवाज्यातल्या दगडी ओट्यावर जाऊन बसत असे आणि उजेड गेला की उठत असे. इतकी वर्षं यात कोणालाच काही वावगं वाटलं नव्हतं, कारण दरवाज्यावर देखरेख ठेवणारं कार्यालय तोवर स्थापन व्हायचं होतं.

मास्तर म्हणजे शिंपी. दरवाज्याच्या पोटात पूर्वी पहारेकरी बसायचे, त्या देवडीत त्यांचं दुकान होतं. आजोबांनी तिथे पहिलं शिलाई मशीन मांडलं, वडिलांनी दुसरं आणि मास्तरांनी पंखा लावला. देवडीत भर दुपारीही दिवा लावावा लागे, म्हणून काजं करायचं काम आत्या बाहेर ओट्यावर बसून करी. हातात सुई, अंगावर निळी शाल आणि डोळ्यांवर एक काडी मोडलेला, दोऱ्याने कानाला अडकवलेला चष्मा. तोंडाला मात्र विश्रांती नसे. "काय रे, नवी नोकरी लागली म्हणे? मग पायात जुनीच चप्पल कशी?" "अगं, परवा रुसून गेली होतीस ना? आलीस पण?" दरवाज्यातून जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाचा ती असा समाचार घेई. लोक वैतागत, पण एखाद्या दिवशी ती बोलली नाही तर आपलं काही चुकलं का, असं मागे वळून विचारत.

दरवाज्याचा इतिहास पेठेतल्या प्रत्येकाला पाठ होता आणि प्रत्येकाचा वेगळा होता. त्यातल्या त्यात सर्वांना मान्य असलेला भाग असा, की कोण्या एका राजाने शत्रूला अडवण्यासाठी हा दरवाजा बांधला आणि शत्रू दुसऱ्या बाजूने आला. मग इतकं मोठं बांधकाम रिकामं राहू नये म्हणून तिथे जकात बसवण्यात आली. जकात चुकवण्यासाठी व्यापारी दरवाज्याबाहेरच माल उतरवू लागले, माल तिथे म्हणून गिऱ्हाईक तिथे, आणि गिऱ्हाईक तिथे म्हणून लोहार, रंगारी, शिंपी तिथे. अशा रीतीने करचुकवेगिरीतून एक भरभराटीची पेठ जन्माला आली. पुढे रस्त्यासाठी शहराचा तट पाडला गेला, तेव्हा दरवाजा कोणत्या खात्याने पाडायचा यावरून दोन खात्यांत वाद झाला. तो वाद काही मिटला नाही. पुष्कळ वर्षं गेल्यावर त्या वादालाच लोक वारसा म्हणू लागले.

वारसा म्हटल्यावर कार्यालय आलं, कार्यालय म्हटल्यावर साहेब आले. पेठेने त्यांचं नाव वारसासाहेब ठेवलं. माणूस सज्जन होता. कागदावर सही करण्याआधी तो कागद खरंच वाचायचा, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

पहिली नोटीस मास्तरांनाच आली. देवडीतलं शिवणकाम हे अतिक्रमण असून ते काढून घ्यावं. वडील याच दुकानात मशीनवर मान टाकून गेले होते. दुसरीकडे दुकान मांडायचं तर तेवढी ऐपत नव्हती, आणि असती तरी दरवाज्याबाहेर आपल्याला शिंपी म्हणून कोण ओळखणार, या विचारानेच त्यांना जेवण जाईना.

परंतु अतिक्रमण काढण्याआधी मूळ काय आहे हे ठरवणं भाग होतं. यावर अभ्यासकांची बैठक झाली. कोणी म्हणाले मूळ म्हणजे राजाच्या वेळचं, कोणी म्हणाले जकातीच्या वेळचं, आणि एक वयोवृद्ध अभ्यासक म्हणाले की दरवाजा बांधण्यापूर्वी तिथे जे मैदान होतं तेच खरं मूळ. सभा हातघाईवर आली. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. सर्वेक्षणाच्या दिवशी जे जसं दिसेल, ते मूळ. त्याच्या पुढचे सगळे बदल बेकायदेशीर. अभ्यासकांना हे पटलं नाही, पण चहा आला होता.

ठरल्या दिवशी कार्यालयाचा आरेखक मोठा कागद घेऊन आला आणि दगडन् दगड रेखाटत ओट्यापाशी पोचला.

"आजी, जरा बाजूला बसता का? ओट्याचं चित्र काढायचंय."

"काढ की," आत्या म्हणाली. "मी काय तुझा हात धरलाय?"

"तुम्ही मध्ये येताय."

"मी मध्ये येतेय? तुझ्या जन्माआधीपासून इथे बसतेय मी. मध्ये तू आलायस."

आरेखकाला जेवायला घरी जायचं होतं. त्याने आत्यासकट ओटा रेखाटला आणि शेजारी बारीक अक्षरात टीप लिहिली, 'वृद्धा, बैठी, पूर्वाभिमुख, शिवणकामात मग्न. स्थिती ठीक.'

दुकान खाली करायच्या दिवशी वारसासाहेब जातीने हजर राहिले. मशीनं न्यायला हातगाडी आली होती. मास्तरांची बायको दारात कपड्यांची गाठोडी बांधत होती आणि तिला रडू आवरत नव्हतं. साहेबांनी नकाशा पसरला, देवडी शोधता शोधता त्यांचं बोट ओट्यावर आलं आणि तिथेच थांबलं.

"या कोण?"

"आत्या आमची," मास्तर म्हणाले.

"या नकाशात आहेत."

"त्या इथेच असतात, साहेब."

"म्हणजे मूळ आहेत?"

मास्तरांचा सगळा जन्म लोकांची मापं घेण्यात गेला होता. समोरच्याला काय हवंय हे त्यांना एका नजरेत कळायचं. ते चटकन म्हणाले, "अगदी मूळ. या दगडांना विचारा."

साहेब विचारात पडले. "मग यांना हलवता येणार नाही."

"मुळीच नाही," मास्तर म्हणाले. "आणि साहेब, शिवणकामात मग्न असं लिहिलंय. काजं करायची तर शर्ट लागणार. शर्ट कोण शिवणार? दुकान गेलं तर त्या मग्न तरी कशात राहतील?"

साहेबांनी टीप दोनदा वाचली. नियमाच्या चौकटीत ती पूर्णपणे बसत होती. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि देवडीवर लिहिलं, 'मूळ वृद्धेस पूरक घटक. संरक्षित.' हातगाडी रिकामी परत गेली.

"मला विचारलंत का कोणी?" आत्या म्हणाली.

"अगं आत्या, दुकान वाचलं!"

"वाचलं ना? मग झालं तर." तिलाही आनंद झाला होता. दुकान तिच्या भावाचं होतं. तिने त्या दिवशी येणाऱ्या जाणाऱ्याला थांबवून सांगितलं की तुम्ही सगळे आज आहात उद्या नाही, मी मात्र सरकारी आहे.

मास्तरांना इतकं बरं वाटलं की त्यांनी आत्याला नवा चष्मा करून आणला. महिन्याच्या तपासणीला साहेब आले ते नकाशा हातात धरूनच.

"चष्मा बदललाय."

"जुन्याने दिसत नव्हतं त्यांना," मास्तर म्हणाले.

"मान्य आहे. पण नकाशात काडी मोडलेली आहे. हा अनधिकृत बदल झाला. उद्या तुम्ही शालही बदलाल, परवा कमानीला ग्रिल लावाल. कुठेतरी थांबायला हवं ना, मास्तर?"

मास्तर थांबले. जुना चष्मा शोधून, मध्यंतरी मास्तरांनी दुरुस्त करून घेतलेली त्याची काडी पुन्हा मोडण्यात आली. आत्याला सुईत दोरा ओवता येईना, ती बोटं टोचून घेऊ लागली. तेव्हा मास्तरांनी काजं आत स्वतःच करायला घेतली आणि आत्याच्या हातात नुसती सुई ठेवली. नकाशात दोरा दाखवलेला नव्हता, त्यामुळे तक्रार आली नाही. गुडघ्याला तेल चोळायचं, तर जुन्या पृष्ठभागावर कोणताही पदार्थ लावण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल हवा होता. तेलाचा नमुना पाठवला गेला. अहवाल आला की तेल दगडाला अपायकारक नाही. आत्याच्या बाबतीत प्रयोगशाळेने मत देण्याचं टाळलं होतं.

मग दरवाज्यावर माहितीफलक लागला, ओट्याभोवती दोरी आली, दोरीपाशी रखवालदार आला आणि त्यामागोमाग पर्यटक. पेठेचं नशीब उघडलं. लोहाराच्या दुकानात दरवाज्याच्या आकाराची कीचेन टांगली गेली. चहावाल्याने बाकं वाढवली आणि कपावर आत्या छापून घेतली. मास्तरांनी निळ्या शालीतल्या बाहुल्या शिवायला सुरुवात केली. शर्टाला माप लागतं, गिऱ्हाईकाच्या दोन फेऱ्या होतात, वर काखेत घट्ट झाल्याची कुरकुर. बाहुली कधी कुरकुरत नाही. हळूहळू शर्ट बंदच झाले.

अडचण फक्त आत्याच्या तोंडाची होती. एका पाहुण्या बाईंना तिने विचारलं, "नवऱ्याला हॉटेलात ठेवून कोणाबरोबर फिरतेस गं?" बाईंनी लेखी तक्रार केली. साहेबांनी नकाशा काढला, भिंग लावून पाहिलं आणि खेदाने म्हणाले, "नकाशात तोंड मिटलेलं आहे."

"म्हणजे काय?" आत्याने विचारलं.

"म्हणजे अभ्यागतांच्या वेळेत बोलायचं नाही, आजी."

आत्या अवाक् झाली, आणि तीच तिची मूळ स्थिती ठरली. खरं म्हणजे या निर्णयाविरुद्ध पेठेने आवाज उठवायला हवा होता. पण नव्या नोकरीवाल्याने नवी चप्पल घेतली नव्हती आणि रुसून गेलेली पुन्हा रुसण्याच्या बेतात होती. सगळ्यांना मनातून हायसं वाटलं. दरवाज्यातून जाताना लोक आता आत्याला लांबूनच नमस्कार करू लागले. हिला आपण केवढं जपतो, असं त्यांना वाटे.

अशात आत्याची मुलगी आली. ती नदीपलीकडे राहायची. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी तिला मूल झालं होतं, मुलगी.

"आई, चल माझ्याकडे," ती दोरीबाहेरून म्हणाली. "नातीला घे मांडीवर. माझंही बाळंतपण अजून अंगावरच आहे."

आत्या सुई खाली ठेवून उठली. रखवालदाराने शिट्टी वाजवली. मुलगी तरातरा कार्यालयात गेली, मास्तर तिच्या मागोमाग.

वारसासाहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि मन लावून ऐकून घेतलं. "ताई, मलाही आई आहे," ते म्हणाले. "पण संरक्षित घटक हलवायची तरतूद फक्त प्रदर्शनासाठी आहे. उद्या परदेशातून मागणी आली, तर त्यांना मी आठवड्यात पाठवीन, भुसा भरलेल्या पेटीतून, विम्यासकट. नातीला बघण्यासाठी पाठवावं असं कुठे लिहिलेलं नाही."

"अहो, ती बाई आहे! दगड नाही!"

"दगड असत्या तर इतकी काळजी नव्हती. दगडाला काही होत नाही."

मुलीने मास्तरांकडे पाहिलं. "दादा, तू बोल ना काहीतरी. तुझी आत्या आहे ती."

मास्तरांना एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, जाऊ द्या तिला. वाक्य ओठांवर आलंही होतं. पण त्यामागून आपोआप दुसरं आलं, आत्या गेली की पूरक घटकही जाणार. हातगाडी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. "बाळालाच इकडे आणलं तर?" ते म्हणाले.

साहेबांना ही सूचना फार आवडली. बाळ अभ्यागत म्हणून येऊ शकत होतं, वेळ दहा ते पाच.

बाळ आलं. मुलीने ते दोरीच्या अलीकडून उचलून धरलं, आत्याने पलीकडून मान पुढे काढली. जुन्या चष्म्यातून तिला एक गुलाबी दुपटं तेवढं दिसलं. तिने हात पुढे केला, पण शेजारी पाटी होती, 'स्पर्श करू नये.' पाटी कोणी कोणाला स्पर्श करायचा नाही ते सांगत नव्हती, त्यामुळे रखवालदाराने दोघींनाही अडवलं. "नाक कोणावर गेलंय गं?" आत्याने विचारलं. रखवालदाराने तोंडावर बोट ठेवलं. पर्यटकांनी या प्रसंगाचे पुष्कळ फोटो काढले.

संध्याकाळी देवडीत आत्या मास्तरांना म्हणाली, "अरे, माझ्याकडे बघ जरा. मला जायचंय."

"आत्या, एवढा हंगाम होऊ दे."

"हंगाम संपला की?"

"मग बघू काहीतरी."

"तुझ्या वडिलांना दवाखान्यात न्यायला आले होते ना, तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. बघू काहीतरी म्हणून."

बायको इतका वेळ बाहुल्यांना डोळे शिवत होती, ती म्हणाली, "अहो, सोडा त्यांना. आपण कुठेही राहू. मी चार घरची शिवणं करीन."

"तुला काय कळतंय? तीन पिढ्यांचं दुकान आहे हे."

"दुकान?" बायको म्हणाली. "शेवटचा शर्ट कधी शिवलात, सांगा बघू."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पेठेतल्या व्यापाऱ्यांपुढे विषय काढला. एकट्याने जबाबदारी घेण्यापेक्षा ती सर्वांनी घ्यावी, असा त्यांचा हिशेब होता. चहावाला अध्यक्ष होता. "आत्या म्हणजे आपल्या पेठेची आई आहे," तो म्हणाला. "आणि आई कधी घर सोडून जाते का?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याला नातीची आठवण येऊ नये म्हणून ओट्यासमोर एक छानशी कुंडी ठेवण्याचा ठराव झाला. कुंडी नकाशात नसल्यामुळे तो नामंजूर झाला.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, पर्यटकांची गर्दी असताना आत्या उठली. सुई तिने ओट्याच्या फटीत खोचली, शाल काढून घडी घालून ठेवली, दोरीखालून वाकून बाहेर आली आणि दरवाज्यातून चालू लागली. रखवालदार शिट्टी तोंडात धरून तिच्या मागे धावला. पण कोणालाही आत्याला स्पर्श करू देऊ नये अशी त्याला सक्त सूचना होती आणि त्या सूचनेतून त्याला स्वतःला वगळलेलं नव्हतं. तो हात पसरून तिच्या पुढे उलटा चालत राहिला. फोटो बिघडला म्हणून एक गृहस्थ चिडले. चहावाला "आई, आई" करत दुकानाबाहेर आला.

"कप धुवून ठेवत जा नीट," आत्या त्याला म्हणाली. "कळकटलेत सगळे." मग तिने नव्या नोकरीवाल्याला, रुसणारीला, लोहाराला, जो भेटेल त्याला, साचलेलं सगळं ऐकवलं आणि नदीच्या रस्त्याला लागली. मास्तर देवडीच्या दारात उभे होते. त्यांना तिने काहीच म्हटलं नाही. तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

तासाभरात वारसासाहेब आले. त्यांचा चेहरा पडला होता. रिकाम्या ओट्याशी त्यांनी नकाशा ताडून पाहिला.

"परत आणता येईल त्यांना," मास्तर म्हणाले. "पत्ता आहे माझ्याकडे." आणि असं म्हटल्याची त्यांना लाज वाटली, पण बोलून तर झालं होतं.

"नाही. एकदा निखळलेला घटक परत बसवता येत नाही. त्याचं मूळपण जातं." साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "निखळलेल्या जागी त्याच खाणीतला दुसरा बसवायचा. त्याच जातीचा, त्याच घडणीचा." त्यांनी मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं.

"मी लग्न होऊन आले या घरात," ती घाईघाईने म्हणाली. "माझी खाण वेगळी."

मग साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. तेच नाक, तीच हनुवटी. त्यांनी शालीची घडी स्वतःच्या हाताने मोडली आणि मास्तरांच्या खांद्यांवर घातली. ती बरोबर बसली.

"पण साहेब, दुकान?"

"दुकानाची चिंताच सोडा. ते कायमचं संरक्षित. कोणी हात लावणार नाही त्याला. तुम्हीसुद्धा."

तेव्हापासून मास्तर ओट्यावर असतात. देवडीला काच लावली आहे. आत दोन मशीनं, पंखा आणि अर्धवट बाहुली दिसते. मास्तरांची बायको नदीपलीकडे शिवणं करते, तिला बरं चाललंय. माहितीफलकावर 'वृद्धा' हा शब्द तसाच आहे, कारण फलक मूळ आहे.

गेल्या सुट्टीत तुम्ही तिथे गेला होतात. तुम्ही राहता ती इमारत अलीकडेच जुनी पाडून नवी केली आहे, लिफ्ट चांगली आहे, आणि अशा इमारतीतून बाहेर पडून जुन्या गल्ल्यांत फिरण्यासारखं सुख नाही, असं तुमचं मत आहे. तुम्ही ओट्यासमोर थांबलात. निळ्या शालीतला माणूस ओठ न हलवता काहीतरी पुटपुटला. तो म्हणत होता, "साहेबांना सांगाल का जरा, मला घरी जायचंय म्हणून?" तुम्ही त्याला म्हणालात, "एक सेकंद हलू नका हं." मग बाहेर पडताना, अभिप्रायाच्या वहीत, सुवाच्य अक्षरात लिहिलंत, 'फारच सुंदर जपलंय. कृपया हे कधीही बदलू नका.'

खाली तुमची सही आहे. कार्यालयाने तुमची विनंती मान्य केली आहे.